हातकामाच्या चांदीच्या दागिन्याची किंमत ग्रॅमवर लावावी का?

तासगावहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ती गेली काही वर्षे ९२५ चांदीत (हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी) तारकाम आणि रवाकाम, म्हणजे बारीक तारेची आणि चांदीच्या दाण्यांची नक्षी, करून कानातले, नथी आणि गळ्यातले घडवते. रेखाटन तिचेच असते आणि हातही तिचाच. सांगलीत दिवाळीपूर्वीच्या प्रदर्शनांत ग्राहक दागिना हातात घेऊन आधी वजन विचारतात, मग मोबाइलवर चांदीचा भाव काढतात आणि ‘एवढ्याच वजनाचे सराफ कट्ट्यावर निम्म्यात मिळते’ असे म्हणून दागिना ठेवून देतात. घरच्यांचे म्हणणे असे की सरळ ग्रॅमवर विकावे. त्यातच एका सराफाने तिच्या झुमक्यांच्या ५० जोड्यांची मागणी ग्रॅमच्या मजुरीवर केली आहे, आणि तिची एक नक्षी दुसऱ्याच कुणाच्या स्टॉलवर दिसली आहे. आता काय करावे, असे तिने विचारले आहे.

माझे मत असे की विक्री ग्रॅमवर करू नये, परंतु ग्रॅम लपवूही नये. किंमत नगावर ठरवावी आणि बिलावर वजन, शुद्धता व परत घेण्याची अट स्वच्छ लिहावी. या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या तरच आपल्या भागात हे काम टिकते. नुसती नगावर किंमत लावून वजनाविषयी मौन पाळणाऱ्या डिझायनरकडे ग्राहक संशयाने पाहतो, आणि तो संशय अगदीच अनाठायी नसतो.

वजन विचारणारा ग्राहक कलेची कदर न करणारा असतो, हा समज प्रथम सोडावा. सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात, म्हणजे आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या पट्ट्यात, दागिना ही पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळात मोडायची शिल्लक होती. याच दुष्काळी भागातून, विशेषतः विटा, खानापूर आणि आटपाडीकडून, गलाई कारागीर देशभरातल्या सराफ बाजारांत गेले आणि सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात स्थिरावले. ज्या घरातला एखादा काका किंवा मामा परप्रांतात भट्टीवर बसलेला आहे, त्या घरातली बाई झुमका हातात घेताच टंच, म्हणजे धातूची शुद्धता, विचारणार, यात नवल नाही. तिचा खरा प्रश्न ‘महाग का’ असा नसून ‘उद्या मोड किती येईल’, म्हणजे दागिना मोडून विकला तर किती पैसे हाती येतील, असा असतो. त्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या स्टॉलवर कोठेही लिहिलेले नसते, म्हणून ती भावाकडे वळते.

ग्रॅमवरची मजुरी मुळात अन्यायाची आहे असेही नाही. हुपरीचे पैंजण घ्या. तेथे आणि आसपासच्या गावांत काम वाटून घेतलेले असते. तार ओढणारा वेगळा, कड्या करणारा वेगळा, झाळणारा वेगळा, पॉलिश करणारा वेगळा. एकच नमुना किलोकिलोने तयार होतो. अशा मालात वजन आणि श्रम जवळजवळ एका प्रमाणात वाढतात, त्यामुळे ग्रॅमवरची मजुरी तेथे बरोबर बसते. तारकामात आणि रवाकामात हे नाते उलटे होते. काम जितके नाजूक, तितके वजन कमी आणि वेळ जास्त. ज्या तारेला जंतराच्या शेवटच्या बारीक छिद्रांतून ओढून केसासारखे केले, त्या तारेचे वजन कमी झाले म्हणून तुमची मजुरीही कमी व्हावी, असा ग्रॅमच्या हिशोबाचा अर्थ होतो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा घेणारा माणूस भोपळा आणि लाकूड काट्यावर ठेवून भाव विचारत नाही. तोच न्याय येथे लागू आहे.

आता आकड्यांकडे येऊ. भाव रोज हलतो, म्हणून हिशोबापुरता ९२५ चांदीचा भाव ग्रॅमला २०० रुपये धरतो. समजा झुमक्यांची जोडी ९ ग्रॅमची आहे आणि तार ओढण्यापासून पॉलिशपर्यंत सहा तास लागतात. सराफाने ग्रॅमला ४० रुपये मजुरी देऊ केली, तर जोडीचे २,१६० रुपये होतात. त्यातले १,८०० रुपये चांदीचे. उरलेल्या ३६० रुपयांतून सुमारे ८० रुपयांची घट (कामात वाया जाणारी चांदी) आणि गॅस, टाकणखार (बोरॅक्स), झाळ (सांधे जोडण्याची मिश्रधातू), पॉलिशचे साहित्य यांचे १२० रुपये वजा केले की हातात १६० रुपये राहतात. सहा तासांचे १६० रुपये म्हणजे तासाला २७ रुपयेदेखील नाहीत, आणि यात डबी, स्टॉलचे भाडे, फोटो यांचा खर्च अजून धरलेलाच नाही.

याच जोडीची किंमत नगावर अशी काढावी. चांदी १,८०० रुपये, घट ८०, सहा तासांची मजुरी तासाला १५० रुपयांप्रमाणे ९००, साहित्य १२०, डबी व कार्ड ६०, स्टॉल, फोटो आणि प्रवास यांचा जोडीवर येणारा वाटा २५०. चांदी सोडून हा खर्च १,४१० रुपये होतो. त्यावर ३० टक्के नफा धरला तर ४२३ रुपये. एकूण ३,६३३, म्हणजे ३,६५० रुपये. जीएसटी नोंदणी असेल तर त्यावर ३ टक्के कर वेगळा.

येथे एक गोष्ट मुद्दाम पाहावी. नफ्याचा टक्का मी चांदीवर लावलेला नाही, केवळ कामावर आणि खर्चावर लावला आहे. अनेक नवे कारागीर एकूण खर्चाची दुप्पट किंवा अडीचपट करून किंमत काढतात. पितळ, टेराकोटा, खणाचे कापड अशा स्वस्त मालात ते चालून जाते, पण चांदीत त्याने घोटाळा होतो, कारण भाव चढला की तुमचे काम तितकेच असताना किंमत उगाच दुपटीने चढते आणि ग्राहकाला ते लगेच कळते. मात्र चांदी धरताना ती तुम्ही ज्या भावाने घेतली तो भाव न धरता, विक्रीच्या दिवशीचा भाव धरावा. विकलेल्या ९ ग्रॅमच्या जागी पुन्हा ९ ग्रॅम आणावे लागणार आहेत आणि ते आजच्याच भावाने मिळणार आहेत.

तासांचा हिशोब मनाने करू नये; वही ठेवावी. प्रत्येक नव्या नमुन्याचे पहिले दोन नग वेळेच्या हिशोबात धरू नयेत, कारण त्यात शिकण्याचा वेळ मिसळलेला असतो, आणि आपल्या शिकण्याची फी पहिल्याच ग्राहकाकडून वसूल करणे योग्य नाही. चौथ्या-पाचव्या नगाचा वेळ हा खरा वेळ समजावा. कोणत्या टप्प्यावर वेळ जातो ते वहीतून दिसू लागते. रवाकामात तो बहुधा रवा पाडण्यात जात नाही. तारेचे सारख्या लांबीचे तुकडे कोळशाच्या भुकटीत पेरून मुशीत तापवले की पृष्ठताणामुळे प्रत्येक तुकडा आपोआप गोल होतो. शेकडो दाणे एका वेळी निघतात. वेळ जातो तो दाणे मापाने चाळून वेगळे करण्यात आणि एकेक दाणा ओल्या टाकणखारावर बसवण्यात. चाळण्यांचा चांगला संच घेतला तर एका जोडीमागे बराच वेळ वाचतो. लाटण्याचे यंत्र किंवा अशी अवजारे घ्यायची असतील तर सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत सोनारकाम आहे. पात्र ठरल्यास अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते.

घटीविषयीही लिहितो, कारण तिथे पैसे गळतात. ९ ग्रॅमच्या जोडीसाठी ११ ग्रॅम चांदी घेतली तर वरचे २ ग्रॅम नाहीसे होत नाहीत. कानशीचा कीस, तारेची टोके आणि पॉलिशच्या धुळीत ते असतात. टोके स्वच्छ आणि झाळ न लागलेली असतील तर ती पुन्हा मुशीत घालता येतात; कीस आणि झाळलेले तुकडे मात्र वेगळ्या डब्यात ठेवावेत, कारण ते मिसळले की पुढच्या ओतीचा टंच उतरतो. टेबलाखाली कातडे किंवा ट्रे बांधावा आणि वर्षातून एकदा केर गाळून घ्यावा. पूर्वी सराफ पेठेची गटारे आणि राख धुऊन झारेकरी संसार करीत, यावरून त्या केरात काय असते याची कल्पना यावी.

आता मोडीचा प्रश्न, जो माझ्या मते तुमच्या अडचणीचे मूळ आहे. बिलावर चार गोष्टी असाव्यात : चांदीचे निव्वळ वजन, खड्याचे किंवा मोत्याचे वजन वेगळे, शुद्धता, आणि परत घेण्याची अट. खडा बसवण्याआधी चांदीचे वजन घेऊन ठेवावे. खडा बसल्यावर ते काढता येत नाही आणि मग अंदाज सुरू होतो. ठुशी किंवा चिंचपेटीसारख्या गाठवलेल्या दागिन्यात दोरा, आणि पोकळ मण्यांत भरलेली लाख, यांचे वजन चांदीत जाऊ देऊ नये. परत घेण्याची अट साध्या भाषेत लिहावी, उदाहरणार्थ, ‘हा दागिना परत आणल्यास त्यातील निव्वळ चांदीचे त्या दिवशीच्या भावाने दहा टक्के वजा करून पैसे मिळतील, घडणावळ परत मिळणार नाही.’ ही अट वाचून काही ग्राहक निघून जातील, यात शंका नाही. परंतु जे थांबतात ते घासाघीस करत नाहीत, कारण ३,६५० पैकी नेमके किती रुपये शिल्लक म्हणून राहतात आणि किती रुपये आपण कामासाठी देतो आहोत हे त्यांना समोर दिसते. अशी अट लिहिल्यावर प्रत्यक्षात दागिना परत येण्याचे प्रमाण फारच थोडे असते, असा माझा अनुभव आहे.

अट लिहायची तर शुद्धता खरी असली पाहिजे, आणि तारकाम-रवाकाम करणाऱ्यांची येथे नकळत फसगत होते. तार आणि पत्रा ९२५ चा घेतला म्हणून तयार दागिना ९२५ चा होत नाही. झाळीत चांदी कमी असते : कठीण झाळीत साधारण ७५ टक्के, मध्यम झाळीत ७० आणि मऊ झाळीत ६५. नऊ ग्रॅमच्या जोडीत अर्धा ग्रॅम मऊ झाळ गेली, तर साडेआठ ग्रॅम ९२५ चांदीतले ७.८६ ग्रॅम आणि झाळीतले ०.३३ ग्रॅम मिळून ८.१९ ग्रॅम शुद्ध चांदी होते. म्हणजे टंच ९१ टक्क्यांवर आला. शेकडो दाण्यांच्या कामात अर्धा ग्रॅम झाळ जाणे मुळीच अवघड नाही. यावर उपाय असा की कठीण झाळ किसून अगदी थोडी वापरावी आणि दाणे व बारीक तार शुद्ध, म्हणजे ९९९ चांदीची घ्यावी. वरच्याच जोडीत तीन ग्रॅम काम ९९९ चांदीचे असेल तर तेवढीच झाळ जाऊनही सरासरी ९३ टक्क्यांच्या वर राहते. शुद्ध चांदीत तांबे नसल्याने तापवताना ती काळीही पडत नाही. तोटा एवढाच की ती मऊ असते, म्हणून कानाची कडी आणि फिरकीची दांडी ९२५ चीच ठेवावी. स्वस्त झाळीत कॅडमियम असते. तिचा धूर फुप्फुसांना घातक आहे, ती घरात आणूच नये.

टंच तपासताना आणखी एक खाचखळगा आहे. आम्लात उकळलेल्या दागिन्याच्या पृष्ठभागावरचे तांबे निघून गेलेले असते. त्यामुळे सराफाकडच्या एक्स-रे यंत्रावर तो आतल्यापेक्षा अधिक शुद्ध दिसतो. स्वतःच्या समाधानासाठी तपासायचे तर कोपऱ्यावर थोडे घासून, किंवा एक नमुना वितळवून तपासावे.

हॉलमार्कविषयी : सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि एप्रिल २०२३ पासून एचयूआयडी या सहा अक्षरी-अंकी ओळखक्रमांकाशिवाय सोन्याचा हॉलमार्क चालत नाही. चांदीला सप्टेंबर २०२५ पासून एचयूआयडीची सोय झाली, परंतु ती ऐच्छिक ठेवली गेली. ऐच्छिक असली तरी तुमच्यासारख्या, दुकानाचा बोर्ड नसलेल्या कारागिराने बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी करून निदान जड दागिन्यांवर हॉलमार्क घ्यावा असे मी सुचवीन. सराफाला तीन पिढ्यांच्या ओळखीने जो विश्वास मिळतो, तो तुम्हाला या खुणेने मिळतो.

शब्दांच्या बाबतीत कडक असावे. प्रदर्शनांत ‘ऑक्सिडाइज्ड’ नावाखाली जे विकले जाते त्यात चांदी असेलच असे नाही. तो शब्द रंग सांगतो, धातू सांगत नाही. जर्मन सिल्व्हर ही तांबे, निकेल आणि जस्ताची मिश्रधातू असून तिच्यात चांदी अजिबात नसते, आणि निकेलमुळे अनेकींचे कान चिघळतात. शेजारच्या स्टॉलवर ‘सिल्व्हर’ म्हणून तोच माल दोनशे रुपयांना असेल, तर त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा तुमच्या कार्डावर ‘चांदी ९२५, गंधकाने काळवलेली’ असे छापावे. तुमचा काळा रंगही खरे तर ऑक्साइडचा नसून सल्फाइडचा आहे; लिव्हर ऑफ सल्फर वापरताना ते आम्लाजवळ नेऊ नये, कारण त्यातून विषारी वायू सुटतो.

पुण्यात किंमत वाढवून आणि सांगलीत उतरवून विकू नये. दोन्हीकडे नातेवाईक एकच असतात.

पुण्यातल्या दुकानांचे कमिशन हा वेगळा प्रश्न आहे. ३५ टक्के कमिशनवर ३,६५० ची जोडी ठेवली तर तुमच्या हाती साधारण २,३७० रुपये येतात. चांदीचे १,८०० वजा केले की ५७० उरतात, म्हणजे मजुरीही सुटत नाही. दुकानदार कमिशन चांदीवरही घेतो, ही यातली मेख आहे. दोन मार्ग आहेत. एक, कमिशन केवळ चांदी वगळून उरलेल्या रकमेवर असावे अशी बोलणी करावी. समजूतदार दुकानदार मान्य करतात, कारण सराफी व्यवहारात ही पद्धत त्यांना परकी नसते. दुसरा, दुकानासाठी दोन-तीन ग्रॅमचे हलके दागिने वेगळे काढावेत, ज्यांत चांदीचा वाटा लहान आणि कामाचा मोठा असतो. जड दागिने स्वतःच्या स्टॉलवर किंवा मागणीवरच विकावेत.

नक्षीच्या चोरीविषयी स्पष्ट सांगतो. ठुशी, बोरमाळ, वज्रटीक यांचे पारंपरिक रूप कुणाच्याही नावावर होत नाही, आणि त्यात लहानसा बदल केला म्हणून ते तुमचेही होत नाही. जे रेखाटन खरोखर नवे आहे त्याची २००० सालच्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी करता येते. संरक्षण दहा वर्षांचे असते आणि पुढे पाच वर्षे वाढवता येते. अट अशी की अर्ज करण्यापूर्वी ते रेखाटन कोठेही प्रसिद्ध झालेले नसावे. इन्स्टाग्रामवर फोटो टाकून, महिन्याने अर्ज करणाऱ्याचा अर्ज त्याच फोटोमुळे अडचणीत येतो. दरेक नमुन्यासाठी हा खटाटोप परवडत नाही. वर्षातून जो एखादा नमुना आपली ओळख ठरेल असे वाटते, त्याचाच अर्ज करावा आणि अर्जाची पोच आल्यावर फोटो टाकावा. दुसऱ्या स्टॉलवर दिसलेल्या नक्षीची नोंदणी नसेल तर तिच्यामागे वेळ घालवू नये, असे मला वाटते. त्या मालाचे रवे बहुधा साच्यात ओतलेले असतात आणि भिंगाखाली एकमेकांत वितळलेले दिसतात. तुमच्या ग्राहकाच्या हाती भिंग द्यावे, तेवढे पुरते.

सराफाच्या ५० जोड्यांच्या मागणीचा संबंध याच मुद्द्याशी आहे. एवढा माल तो तुमच्याकडून हाताने करवून घेणार नाही. एका जोडीचा रबर मोल्ड काढून ओतवील. कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ नुसार, नोंदणी करता येण्याजोगे पण नोंदणी न केलेले डिझाइन मालकाने किंवा त्याच्या परवानगीने दुसऱ्याने औद्योगिक प्रक्रियेने ५० पेक्षा अधिक वेळा वस्तूंवर वापरले की त्यावरील कॉपीराइट संपतो. तुमच्या सराफाचा आकडा नेमका त्या उंबरठ्यावर आहे. म्हणून मागणी स्वीकारायची तर, नक्षी अजून कोठे प्रसिद्ध झालेली नसल्यास, आधी नोंदणीचा अर्ज करावा, आणि मग लेखी ठरवावे की चांदी सराफाने द्यायची, घट किती टक्के धरायची, मजुरी जोडीवर असेल, मोल्ड काढायचा झाल्यास तो तुमच्याच ताब्यात राहील आणि प्रत्येक जोडीमागे ठरावीक रक्कम मिळेल. तो ग्रॅमच्या मजुरीवरच अडून बसला, तर त्याला झुमके देऊच नयेत. साधी जोडवी किंवा कानातल्या कड्या द्याव्यात, ज्या डायवर झटपट निघतात आणि ज्यांची मजुरी ग्रॅमवर घेतली तरी तुमचे नुकसान होत नाही.